व्हेरिगेटेड शेफलेरा: हिरवा का होतो, पानं का गाळतो आणि काय कुठल्या क्रमाने करायचं

व्हेरिगेटेड, म्हणजे पिवळ्या-हिरव्या अशा दोन रंगांच्या पानांच्या, शेफलेराबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तीनच असतात. आणला तेव्हा मस्त पिवळा-हिरवा होता, आता नुसता हिरवाच दिसतोय. घरी आणला आणि पंधरा दिवसांत भराभर पानं गळली. आणि तिसरा, खाली नुसत्या काड्या आणि वर पानांचा झुबका, याचं काय करू? उत्तरं वेगवेगळी वाटतात पण बहुतेक वेळा कारण एकच निघतं, साध्या हिरव्या झाडाला आपण जे करतो तेच आणि तेवढ्याच घाईने याला केलेलं असतं.

पानाच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतंच. म्हणजे तेवढा भाग झाडासाठी अन्न बनवत नाही, नुसता दिसायला छान. त्यामुळे साध्या शेफलेराच्या मानाने याची वाढ हळू, उन्हात पान लवकर करपणार, छाटणीनंतर सावरायला वेळ जास्त आणि मुळं कमी पाणी ओढतात म्हणून कुंडी ओली राहते जास्त दिवस. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचे सगळे टप्पे आपोआप पटतात.

बाजारात गोल्ड कॅपेला, ट्रिनेट अशी नावं दिसतील, कुणी अंब्रेला प्लांट म्हणतं. निगा सगळ्यांची सारखीच.

टप्पा १: रोप निवडताना

लोक सगळ्यात पिवळं रोप उचलतात. नको. जवळपास पूर्ण पिवळ्या पानांचं रोप दिसायला भारी असतं पण त्याच्यात दमच नसतो, बाहेर लावलं की पहिल्या कडक उन्हात काम तमाम. पूर्ण हिरव्या फांद्या भरलेलं पण नको. प्रत्येक फांदीवर हिरवा आणि पिवळा दोन्ही नीट वाटलेले असतील असं घ्या.

बघण्याच्या गोष्टी, याच क्रमाने:

1. शेंडा. नवीन उमलणारी पानं दोन रंगांची आहेत का? खालची जुनी पानं रंगीत आणि शेंडा सपशेल हिरवा असेल तर ते रोप ऑलरेडी उलटायला, म्हणजे परत साधं हिरवं व्हायला लागलंय.
2. पानांची मागची बाजू, मधल्या शिरेच्या कडेने. तिथे तपकिरी चपटे ठिपके असतील आणि नखाने निघत असतील तर ती खवले कीड. पान हाताला चिकट लागलं तरी तोच संशय.
3. कुंडीचं खालचं भोक. एखाद-दोन मुळं बाहेर आली असतील तर ठीक, पण जाळंच लोंबत असेल तर मुळं आत गोल गोल फिरलेली असणार.
4. कुंडीत खोडं किती. बरेचदा एकाच कुंडीत तीन-चार छोटी रोपं एकत्र लावून दाट झुडूप असल्याचा आभास केलेला असतो. वाईट नाही ते, पण माहीत असू द्या, कारण त्यातलं एखादं मेलं तर अख्खं झाड चाललं म्हणून घाबरायला होतं.

सावध: याच्या चिकात आणि पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात. लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. कापताना हातमोजे घाला, चीक डोळ्याला लागू देऊ नका.

टप्पा २: घरी आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे

इथेच सगळ्यात जास्त रोपं वाया जातात. आणलं त्याच दिवशी मोठ्या कुंडीत बदललं, मूठभर खत टाकलं, भरपूर पाणी घातलं आणि उन्हात ठेवलं कारण रंग चांगला येतो असं कुठेतरी वाचलेलं. चार बदल एका दिवसात. मग पानं गळायला लागतात आणि नेमकं कशामुळे हे कळायला काही मार्गच उरत नाही.

एका वेळी एकच बदल, एवढा नियम पाळा.

1. पहिले दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. कीड असेल तर तेवढ्यात दिसते.
2. जागा उजेडाची पण थेट ऊन नसलेली. रोपवाटिकेत ते शेडनेटखाली वाढलेलं असतं, थेट उन्हाची त्याला सवयच नसते.
3. कुंडी बदलू नका, खत देऊ नका. फक्त वरची माती सुकली की पाणी.
4. दोन आठवड्यांनी सकाळचं कोवळं ऊन अर्धा-एक तास द्यायला सुरुवात करा आणि दर तीन-चार दिवसांनी थोडं थोडं वाढवा.

या काळात खालची पाच-सहा पानं पिवळी पडून गळाली तर गप्प बसा. जागा बदलली की हे झाड असं करतंच. हिरवीगार, टवटवीत पानं एकदम गळायला लागली तर मात्र वेगळं काहीतरी आहे, थंड वारा, एसीचा झोत किंवा कुंडीत साचलेलं पाणी, यातलं एक असतं बहुतेक.

तपासा: शेंड्याला नवीन कोंब हलायला लागला का? लागला असेल तर झाड रुळलं, पुढे जा. नसेल तर अजून थांबा, घाई करून काही मिळत नाही.

टप्पा ३: जागा

ऊन किती हा सगळ्यांचा प्रश्न. सकाळचं तीन-चार तास ऊन आणि नंतर दिवसभर लख्ख उजेड, ही सगळ्यात चांगली जागा. मोठ्या झाडाखालची विरळ, हलती सावली पण चालते. पूर्ण सावलीत झाड मरत नाही, आणि तेच फसवं आहे, कारण ते जगतं पण पेरं लांब लांब पडतात, फांद्या उजेडाकडे झुकतात, नवी पानं कमी पिवळी येतात आणि एका वर्षात ते काटकुळं हिरवं झुडूप होऊन बसतं.

उजेड मोजायचा साधा उपाय. दुपारी जागेवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर एक फूट वर हात धरा. सावली धारदार पडली तर उजेड भरपूर. कडा अस्पष्ट पण हात ओळखू येतोय तर चालेल. सावली कळतच नसेल तर ती जागा या झाडाची नाही, तिथे दुसरं काहीतरी लावा.

दुपारचं उलट आहे. दुपारच्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीला लागून लावलं तर पिवळे भाग आधी पांढुरके पडतात, मग कागदासारखे तपकिरी कोरडे होतात, आणि बाजूचा हिरवा भाग मात्र शाबूत असतो. हे बघून लोक बुरशीचं औषध फवारतात. बुरशी असती तर तिने पिवळा-हिरवा असा भेद केला नसता. नुसता पिवळाच भाग करपला असेल तर ऊन जास्त होतंय, जागा बदला. करपलेलं पान परत चांगलं होत नाही, पण अर्धं हिरवं शिल्लक असेल तर लगेच तोडू पण नका, ते अजून काम करतंय.

थंडीचं थोडक्यात: पारा 10 अंशांच्या खाली गेला की वाढ थांबते, आणि दव गोठण्याइतकी थंडी पडली तर कोवळे शेंडे काळे पडतात. तुमच्याकडे तशी थंडी पडत असेल तर जमिनीत लावूच नका, कुंडीत ठेवा म्हणजे आत घेता येतं.

टप्पा ४: माती आणि लागवड

आधी निचरा तपासायचा, खड्ड्यात खत घालणं नंतर. सगळे उलटं करतात.

जमिनीत लावायचं असेल तर असं:

1. साधारण दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा करा, पाण्याने पूर्ण भरा आणि जिरू द्या. पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार-पाच तासांत गेलं तर छान. दुसऱ्या दिवशी पण पाणी दिसतंय तर तिथे खड्ड्यात लावायचं नाही, एक फूट उंच वाफा करून त्यावर लावा.
2. निघालेल्या मातीत चौथा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा. माती चिकट असेल तर जाड वाळू पण. खत वास मारत असेल, हाताला गरम लागत असेल तर ते कुजलेलं नाही, राहू दे.
3. रोप पिशवीतून काढा. मुळं गोल फिरलेली असतील तर बोटांनी मोकळी करा, फारच घट्ट असतील तर गोळ्याला बाजूने उभे दोन-तीन चिरे द्या. अख्खा गोळा तोडून धुऊन काढायची काही गरज नाही.
4. जेवढं खोल ते पिशवीत होतं तेवढंच खोल लावा. खोडाभोवती माती चढवली तर खोड सडतं.
5. माती हाताने दाबा, पायाने नाही. भरपूर पाणी द्या. माती बसली की वरून अजून थोडी टाका.
6. वाळलेली पानं किंवा भुसा यांचा दोन इंच थर द्या, फक्त खोडापासून चार बोटं लांब.

कुंपण करायचं असेल तर दोन रोपांत दोन ते अडीच फूट. एकटं झुडूप वाढवायचं असेल तर चारही बाजूंना चार-पाच फूट मोकळे सोडा, कारण जमिनीत हे झाड मोकाट सोडलं तर दोन-तीन मीटर सहज जातं आणि मग लोक त्याला दर महिन्याला कापत बसतात.

कुंडीसाठी दोन भाग बागेची माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके दाणे). नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरू नका, ते वरून कोरडं दिसतं आणि आत दिवसेंदिवस ओलं असतं. नवीन कुंडी जुनीपेक्षा फक्त दोन इंच मोठी. एकदम मोठ्या कुंडीत लावलं की मुळं थोडी, माती जास्त, ती माती सुकतच नाही, आणि मग मुळं कुजतात. कुंडी मोठी दिली की झाड मोठं होतं हा गैरसमज काही केल्या जात नाही लोकांचा!

टप्पा ५: पाणी

दिवस मोजून पाणी देऊ नका, बोट घालून बघा. कुंडीत दोन इंच बोट घातल्यावर कोरडं लागलं तर द्या, खालून बाहेर येईपर्यंत द्या, आणि बशीत साचलेलं अर्ध्या तासाने ओतून टाका. थोडं थोडं रोज शिंपडणं सगळ्यात वाईट, वरचा इंचभर ओला आणि खालची मुळं एकतर तहानलेली नाहीतर सडलेली.

जमिनीत लावलेलं झाड पहिली दोन-तीन महिने नियमित पाणी मागतं, मुळं पसरली की बरंच सोसतं.

कमी झालं की जास्त, हे ओळखायचं कसं? पानं दोन्हीत गळतात म्हणून गोंधळ होतो. पाणी कमी पडलं की पानं मऊ पडून लोंबतात, कुंडी उचलली तर हलकी लागते, पाणी दिलं की एक-दोन दिवसांत उभी राहतात. पाणी जास्त झालं की खालची पानं पिवळी पडत गळतात, माती ओली, कुंडी जड, आणि मातीला आंबूस वास येतो. कधी कधी पानाच्या मागे खरबरीत फोड आल्यासारखे पण दिसतात, मुळं पाणी ओढतायत आणि पानातून ते बाहेर जात नाहीये म्हणून पेशी फुटतात, तो रोग नाही, पाणी कमी करा एवढंच.

सावध: पानं लोंबलेली आहेत आणि माती ओली आहे अशा वेळी अजून पाणी घालायचं नाही. कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरी-घट्ट असतील तर ठीक. तपकिरी, मऊ, ओढली की साल निघून येणारी असतील ती कापून टाका, नवीन मातीत आणि छोट्या कुंडीत लावा, वरच्या फांद्या पण थोड्या कमी करा.

टप्पा ६: खत, आणि पिवळं पान वाचायचं कसं

खत कमी द्या. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखं) असं पाण्यात विरघळणारं खत लेबलवरच्या प्रमाणाच्या निम्मं, तेही ओल्या मातीत. किंवा दोन-तीन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत. बास. युरियासारखं नुसतं नत्र दिलं की लुसलुशीत लांब फांद्या सुटतात, हिरवा भाग जोर धरतो आणि मावा धावत येतो. थंडीत वाढ थांबलेली असताना काहीच द्यायचं नाही.

आता खरी अडचण. या झाडाला पिवळं पान असतंच, मग आजारी पिवळं कोणतं? एक पान हातात घ्या. त्याच्या देठाला बोटांसारखी सात-आठ पानं असतात ती मिळून एकच पान, हे आधी लक्षात घ्या. आता त्यातल्या एकाची दोन अर्धी शेजारी शेजारी बघा. नैसर्गिक रंग असेल तर डावी बाजू उजवीसारखी नसते, एकीकडे पिवळा तुकडा मोठा, दुसरीकडे नुसता शिंतोडा, आणि हिरव्या-पिवळ्याची सीमा स्वच्छ, रेष मारल्यासारखी. दोन पानं एकसारखी सापडणार नाहीत.

आजाराचं पिवळेपण दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि त्याच्या कडा विरघळलेल्या असतात:

- नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या: लोह मिळत नाहीये. बहुतेक वेळा मातीत लोह असतं पण माती किंवा पाणी अल्कधर्मी (आम्लाच्या उलट, चुनखडीसारखं) असल्यामुळे झाडाला घेता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) लेबलप्रमाणे द्या, जमलं तर पावसाचं पाणी वापरा.
- जुनी पानं, शिरांच्या मधे पिवळी: मॅग्नेशियम कमी.
- जुनी पानं सरसकट फिकट, वाढ ठप्प: नत्र कमी. इथे खत द्या.
- खालची पानं सरसकट पिवळी आणि माती ओली: खत नाही, टप्पा ५ परत वाचा.

तपासा: खत द्यायच्या आधी शेवटचं कधी दिलं ते आठवा. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरा थर दिसतोय, पानांची टोकं तपकिरी होतायत, तर क्षार साचलेत. मग खत बंद आणि दोन-तीन वेळा भरपूर पाणी घालून खालून वाहू द्यायचं.

टप्पा ७: हिरवे फुटवे

हा लेख खरं तर याच टप्प्यासाठी लिहिलाय. आणि नेमका हाच लोक टाळतात, कारण हिरवी फांदी जोमदार दिसते, जीव होत नाही कापायला.

होतं काय, वाढीच्या शेंड्यात पेशींचे थर असतात, त्यातला एखादा थर हरितद्रव्य बनवू न शकणारा असतो आणि बाकीचे साधे हिरवे. दोन्ही थर बरोबर वाढतात म्हणून पान दोन रंगांचं येतं. पण एखादा कोंब नुसत्या हिरव्या पेशींतून फुटला तर ती अख्खी फांदी हिरवी, आणि तिच्या पुढच्या सगळ्या फांद्या पण हिरव्याच. ती परत पिवळी होत नाही. ऊन वाढवून, खत बदलून, कशानेही नाही. सावलीत फिकट झालेला रंग उजेडात आणल्यावर नवीन पानांत सुधारतो, ती गोष्ट वेगळी. कुठली फांदी कुठल्या प्रकारातली हे ओळखायचं तर नीट बघा, हिरव्या पानांत फिकट हिरवे डाग आहेत का? असतील तर उजेडाचा प्रश्न. एकही डाग नाही, सगळं एकजात गर्द हिरवं, तर फांदी उलटलेली.

आणि हिरव्या फांदीत अन्न जास्त बनतं, ती दुप्पट जोमाने वाढते, रंगीत फांद्यांना सावलीत टाकते. दोन-तीन वर्षं दुर्लक्ष केलं की झाड हिरवं. लोक म्हणतात रंग उडाला, पण रंग उडालेला नसतो, रंगीत फांद्या खाली दबून मेलेल्या असतात.

काढायचं कसं:

1. हिरवी फांदी शेंड्यापासून खाली मागे मागे नेत जा, जिथे पहिलं दोन रंगांचं पान लागतं किंवा ती ज्या रंगीत खोडातून फुटली तो सांधा लागतो तिथपर्यंत.
2. सांध्याला अगदी लागून कापा, खुंट ठेवू नका. खुंटावर हिरवे डोळे (नवीन फांदी फुटायच्या जागा) राहतात आणि एकाऐवजी तीन हिरव्या फांद्या येतात. नुसता शेंडा खुडणं म्हणजे तर तिला अजून फांद्या फोडायला सांगणं.
3. फुटवा कोवळा, बोटभर असेल तर खाली वाकवून सांध्यातून मोडून काढा, डोळ्यासकट निघतो.
4. जमिनीतून, मुळाशी आलेले हिरवे धुमारे माती बाजूला करून मुळापासून काढा.
5. एकदम अर्ध्यापेक्षा जास्त झाड हिरवं झालं असेल तर सगळं एका दिवशी उडवू नका. आधी सगळ्यात मोठ्या हिरव्या फांद्या, तीन-चार आठवड्यांनी पुढच्या. रंगीत फांद्यांना उजेड मिळाला की त्या जोर धरतात.

उलटं पण होतं, एखादी फांदी पूर्ण पिवळी किंवा पांढरट येते. फोटोला सुंदर. ती बाकीच्या झाडाच्या जिवावर जगते आणि उन्हात पहिली करपते. एखादी छोटी असेल तर ठेवा हौस म्हणून, मोठी व्हायला लागली की काढा.

तपासा: वाढीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी झाडाच्या आत, खोडाजवळ डोकावून बघा. हिरवे फुटवे आधी तिथेच येतात, बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

टप्पा ८: आकाराची छाटणी

वेळ: वाढ सुरू व्हायच्या थोडं आधी. कडक उन्हाळ्यात किंवा थंडीत नको.

कुंपण कापायची मोठी कात्री इथे वापरू नका. पान मोठं असतं, कात्रीने अर्धी अर्धी कापली जातात आणि कडा तपकिरी होऊन अख्खं कुंपण जळाल्यासारखं दिसतं. छोटा हातकटर घ्या, स्पिरीटने पुसा, आणि एकेक फांदी कापा. वेळ लागतो, लागू दे.

कापायचं ते पानाचा देठ खोडाला जिथे चिकटतो त्या पेराच्या जरासं वर, चार-पाच मिलिमीटर. डोळा त्या देठाच्या बगलेत असतो. नवशिके हटकून देठच कापतात फांदी समजून, मग काहीच फुटत नाही आणि विचारतात छाटणी करून पण दाट का नाही झालं. हिरवं किंवा तपकिरी खोड दिसलं तर फांदी, एक लांब गुळगुळीत काडी आणि टोकाला पानांचं चक्र दिसलं तर ते नुसतं पान.

खाली काड्या वर झुबका झालेलं झाड असेल तर ते खालून परत भरतं, पण कापावं लागतं. तीन फांद्या असतील तर एक फूटभर उंचीवर कापा, दुसरी दोन फुटांवर, तिसरीला हात लावू नका. खालच्या फुटल्या की मग तिसरी. सगळं एकदम जमिनीलगत कापलं तर साधा हिरवा शेफलेरा उठतो परत, व्हेरिगेटेड उठेलच असं नाही, आणि जुन्या खोडातून येणारे फुटवे हिरवे निघायची शक्यता पण जास्त. म्हणून छाटणीनंतरचे दोन महिने टप्पा ७ डोक्यात ठेवा.

टप्पा ९: कीड

पान चिकट, त्यावर काळी भुकटी, खोडावर मुंग्यांची रांग. तिन्ही एकत्र दिसले की खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण समजा. काळी भुकटी ही किडीच्या चिकट स्रावावर वाढणारी बुरशी, ती पुसली जाते, मूळ किडीचं बघा.

1. जास्त भरलेली पानं कापून पिशवीत बंद करून टाका.
2. बाकीची जुन्या मऊ टूथब्रशने, साबणाच्या पाण्यात बुडवून घासा. खवल्याच्या वर कवच असतं, नुसत्या फवाऱ्याने मोठी कीड मरत नाही, म्हणून घासणं आधी आणि फवारणी नंतर.
3. एक लिटर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि 1–2 मिली पातळ साबण चांगला ढवळून संध्याकाळी फवारा, मुख्य म्हणजे पानांच्या मागे. आधी एका पानावर करून दोन दिवस बघा, पिवळा भाग नाजूक असतो.
4. आठ-दहा दिवसांनी परत, असं तीन वेळा. एकदाच फवारून सोडलं तर अंड्यातून पुढची पिढी येते.
5. मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्या या किडीला राखतात.

पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी असेल तर लाल कोळी. कोरड्या, गरम हवेत येतो. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून, तीन-चार दिवसांनी परत परत, बरेचदा एवढ्यानेच जातो.

सावध: पानं चमकायला तेल, दूध असलं काही लावू नका. ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरे.

टप्पा १०: नवीन रोपं

बी लावून रंग मिळत नाही. मुळाच्या तुकड्यातून आलेलं रोप पण साधं हिरवं निघतं. पान देठासकट पाण्यात ठेवलं तर कधी मुळं येतात सुद्धा, पण त्याला डोळा नसतो, ते महिनोन्‌महिने तसंच बसून राहतं, झाड होत नाही. फांदीच हवी, आणि ती पण दोन्ही रंग नीट असलेली, कारण जशी फांदी तसंच रोप.

काडीची लागवड: अगदी कोवळी नाही आणि जून लाकूड झालेली पण नाही अशी मधली, 10–15 सेंटीमीटरची, दोन-तीन पेरं असलेली काडी घ्या. खालची पानं काढा, वरच्या एक-दोन पानांची टोकं निम्मी कापा म्हणजे पाणी कमी उडतं. बुडाला रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी), मग ओलसर वाळू-कोकोपीटमधे एक पेर आत. वरून पारदर्शक पिशवी, सावलीत, उबदार जागी. महिना ते दोन महिने लागतात. मधे मधे उपटून मुळं आली का बघणं बंद करा, हलकं ओढल्यावर अडकल्यासारखं लागलं की आली.

काडी सारखी सडत असेल तर गुटी कलम करा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची, जाड फांदीला तेच बरं पडतं:

1. शेंड्यापासून फूटभर खाली, पेराच्या जरा खाली, सालीची एक इंच रुंद अंगठी काढा.
2. उघड्या भागावरचा बुळबुळीत थर चाकूने खरवडा. हा राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत, गुटी फसायचं नेहमीचं कारण हेच.
3. वरच्या कडेला रूटिंग पावडर. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) मूठभर लावा, प्लास्टिक गुंडाळा, दोन्ही टोकं सुतळीने आवळा. ऊन लागत असेल तर बाहेरून काळा कागद.
4. मॉस सुकू देऊ नका. दोन-अडीच महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. एखाद-दुसरं मूळ दिसल्यावर कापू नका, चांगलं जाळं होऊ द्या.
5. गुटीच्या खाली कापा, प्लास्टिक काढा, मॉस तसाच ठेवून छोट्या कुंडीत लावा, काठीचा आधार द्या. महिनाभर सावली, खत नाही.

मूळ झाडावर जिथून गुटी कापली त्याच्या खाली दोन-तीन डोळे फुटतील. त्यांचं पहिलं पान उमलेपर्यंत थांबा, रंगीत आलं तर ठेवा, एकजात हिरवं आलं तर बोटाने मोडून टाका.